एकाच बैठकीवरचे दोन कारागीर

पुण्याच्या रविवार पेठेत आमचा दागिने घडवण्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे वाड्याच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या आणि वरचा माळा. शोरूम नाही, पाटीही नाही. लक्ष्मी रोडवरच्या पेढ्या सोनं देतात आणि आम्ही मजुरीवर ठुशी, मोहनमाळ, तोडे, मंगळसूत्राच्या वाट्या घडवून देतो. घडणावळ आणि व्यवहार काका बघतात. हिशोब, जीएसटी, हॉलमार्किंगला जाणाऱ्या मालाच्या याद्या माझ्याकडे. वडील गेल्यावर त्यांचा हिस्सा माझ्या नावावर आला, त्यामुळे या प्रकरणात मला मतही होतं आणि जबाबदारीही. जुलै २०२५ पासून पुढच्या संक्रांतीपर्यंत जे घडलं ते इथे मांडते आहे. नावं कुणाचीच देत नाही. दोन कारागिरांना थोरला आणि धाकटा म्हणते. कारखान्यातही त्यांना तसंच म्हणतात.

थोरला चाळिशीचा, हुगळी जिल्ह्यातल्या खानाकुलकडचा, मुसलमान. त्याला माझ्या वडिलांनीच ठेवला होता. तारकामात त्याच्यासारखा हात पेठेत दुसरा नाही, हे काकाही कबूल करतात. डाख, म्हणजे सोन्याचा सांधा, कुठे लावलाय ते भिंग घेऊन शोधावं लागतं. धाकटा पंचविशीचा, हिंदू, नदिया जिल्ह्यातल्या राणाघाटचा पत्ता घेऊन आलेला. छिलाई आणि पॉलिश त्याच्याकडे. दोघं एका बैठकीवर समोरासमोर बसायचे, माळ्यावर एकाच खोलीत झोपायचे आणि भातही एकाच कुकरमध्ये लावायचे.

पुण्याच्या सराफीत बंगाली कारागीर कसे आले, असं कुणी विचारलं की आम्हाला आमचाच इतिहास सांगावा लागतो. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी आली. देशभरच्या सोनारांचं काम बसलं. १९६८ च्या कायद्याने तो जाच पुढे चालू राहिला, तो कायदा रद्द झाला १९९० मध्ये. आजोबांनी त्या धास्तीने एका मुलाला बँकेत चिकटवलं. आमच्या पिढीत तर फुंकणी हातात धरायला कुणी उरलंच नाही, सगळे हिंजवडीला आयटीत. रिकाम्या झालेल्या बैठकी घाटाल, दासपूर, खानाकुलच्या पोरांनी भरल्या. त्यांना कुणी घुसवलं नाही, पेढ्यांनी आणि आमच्यासारख्यांनी बोलावून घेतलं.

जुलैच्या आधीचं

घरातला दुजाभाव जुलैमध्ये उपटला असं नाही. तो आधीपासून मुकाट चालू होता. थोरल्याचा कप खिडकीत वेगळा असायचा, धाकट्याचा आमच्या ट्रेमध्ये. गणपतीत धाकटा आरतीला वर यायचा. थोरला खाली बसून असायचा. त्याला कुणी बोलावत नसे आणि त्यानेही कधी विचारलं नाही. एका वर्षी काकूंनी बाप्पासाठी चांदीचा मोदक करून घेतला. कळ्या इतक्या नाजूक आल्या होत्या की आलेला प्रत्येक पाहुणा हातात घेऊन बघायचा. तो थोरल्याने घडवला होता. मूर्तीपुढे ठेवण्याआधी काकूंनी मोदकावर गोमूत्र शिंपडलं, तेही थोरल्यादेखत. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "त्यात काय एवढं, चांदी बाजारातून येते तेव्हाही मी शिंपडतेच." ते खरं नाही.

हे आमच्या घरात व्हावं याचं मला विशेष लागतं. अपमानाची आठवण आम्ही दैवज्ञ सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली आहे. १७७९ मध्ये पेशव्यांच्या सांगण्यावरून ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईतल्या सोनारांना ब्राह्मणांसारखा 'नमस्कार' करायला मनाई केली होती. आजोबा ही हकीकत काल घडल्यासारखी संतापून सांगत. काकांना ती तोंडपाठ आहे, सगळ्या भांडणांच्या तपशिलांसकट.

काकांची मागणी

जुलै २०२५ च्या अखेरीला पुण्यातल्याच चंदननगरची बातमी आली. कारगिल युद्धात लढलेल्या एका निवृत्त सैनिकाच्या नातेवाइकांच्या घरात रात्री जमाव शिरला आणि भारतीय असल्याचे पुरावे मागितले, असा त्या कुटुंबाचा आरोप होता. मला वाटलं होतं की या बातमीने घरात निदान जरा चुळबुळ होईल. झालं उलटंच. काका म्हणाले, "आता सगळीकडे धाडी पडणार. गणपतीच्या आत थोरल्याचा हिशोब करून त्याला मोकळा करा."

काकांना नुसतं वाईट ठरवून हे प्रकरण कळणार नाही. आमच्या धंद्यात दुसऱ्याचं सोनं रोज कारागिराच्या हाती सोपवावं लागतं. काही वर्षांपूर्वी एक कारागीर एका पेढीचं सोनं घेऊन पसार झाला. भरपाई आम्ही केली, काकूंच्या पाटल्या मोडून. तेव्हापासून माळ्यावर रात्री पावलं वाजली की काका उठून बसतात. फक्त, तो पळालेला माणूस मेदिनीपूरचा, अस्सल भारतीय होता. पोलिसांनी तपासलं तेव्हा त्याचं आधार, पॅन सगळं खरं निघालं, सापडला नाही तो माणूसच. अलीकडे काका ही गोष्ट सांगताना त्याला 'तो बांगलादेशी' म्हणू लागले होते. तो बांगलादेशी नव्हता हे मी दरवेळी सांगायचे, ते मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तसंच सांगायचे.

शिवाय त्यांची भीती हवेतली नव्हती. पुण्यात बनावट कागदांवर राहणारे बांगलादेशी नागरिक पकडले जातात, भोसरीत, बुधवार पेठेत. बुधवार पेठेतल्या कितीतरी बायका दलालांनी फसवून आणलेल्या असतात, पण कागदावर त्याही 'बेकायदा' भरतात. सीमा आहे तर ती ओलांडायचे नियम असणार, आणि चोरून आलेल्याला सरकार विचारणार, यात मला काही गैर वाटत नाही. इतपत माझं आणि काकांचं एकमत आहे. विचारायचं कुणी, कुणाला आणि कशावरून, इथून पुढे आमचं बिनसतं.

मी थोरल्याला कागद आणायला सांगितलं. त्याने आधार, पॅन, मतदार ओळखपत्र आणलं. काका हसले आणि काही दिवसांनी वर्तमानपत्राचं कात्रण माझ्या टेबलावर आपटलं. मुंबई उच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्याच्या एका जामीन अर्जावर म्हटलं होतं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे एवढ्याने कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. काका बरोबर होते. आधार कायद्यातच तसं लिहिलं आहे; आधार माणूस कोण ते सांगतं, नागरिक कुठला ते सांगत नाही.

मग काय आणलं म्हणजे पुरेल, असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही. थोरल्याकडे पासपोर्ट होता, मध्यंतरी दुबईला जायचं ठरत होतं तेव्हा काढलेला. काका म्हणाले, पासपोर्टही पैसे टाकून निघतात. थोरल्याने भावाकडून आजोबांच्या जमिनीच्या जुन्या दस्ताचा फोटो मागवला. काकांनी तो मोबाइलवर मोठा करकरून बघितला आणि म्हणाले, "हे बंगालीत आहे. मला काय कळणार?"

तिथे मला या सगळ्याचा उलगडा झाला. सोन्याचा टंच, म्हणजे कस, काढायचा तर कसोटी लागते, नुसतं सोनाराला वाटून भागत नाही. इथे कसोटीच ठरलेली नव्हती आणि निकाल मात्र ठरला होता. भारतात जन्माने नागरिक कोण याला कायद्याचे स्पष्ट टप्पे आहेत. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात इथे जन्मलेला माणूस नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याचे आईबाप यांपैकी एक तरी नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्यासाठी दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. थोरल्याचा जन्म पहिल्या टप्प्यातला, हुगळीतला. कायद्याला त्याच्याकडून एवढंच हवं होतं. आमच्या घराला काय हवं होतं ते त्याला कुठल्याही कागदावर दाखवता आलं नसतं.

आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच असते, हा काकांचा पुढचा मुद्दा. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात तसं कलम होतं, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका खटल्यात हेही सांगितलं आहे की हाताशी काही ठोस माहिती असल्याशिवाय वाटेल त्याचं दार ठोठावून 'सिद्ध कर' म्हणता येत नाही, आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकावरून माणूस परदेशी ठरत नाही. तो निकाल लागला तेव्हा ज्याचा खटला होता तो माणूस हयात नव्हता. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि भारतीय निघाल्यावर परत आणावं लागलं, हेही मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आणलं ना परत?"

शेवटी मी सुचवलं की कारखान्यातल्या सगळ्यांचाच पोलीस पडताळणीचा अर्ज भरू. दोघं बंगाली, भोरचा पोऱ्या, झाडलोट करणाऱ्या मावशी, सगळे. काका थोरल्यापुरते तयार झाले. "धाकट्याचं कशाला? तो आपल्यातला आहे." थोरल्याचे कागद ते स्वतः चौकीवर घेऊन गेले. पासपोर्ट बघितल्यावर तिथल्या हवालदाराने फार वेळ घेतला नाही. काही आक्षेप निघाला नाही. गणपती येऊन गेले, दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर आल्या आणि थोरल्याला मोकळं करायची भाषा तेवढ्यापुरती थांबली. धनत्रयोदशीपर्यंतचा निम्मा माल त्याच्या हातून गेला.

गौरीच्या जेवणातलं

मधला एक प्रसंग. गौरी जेवल्या त्या दिवशी घर भरलेलं होतं आणि विषय निघालाच. चुलतभाऊ म्हणाला, चोरून येणाऱ्यांना बेड्या घालून परत पाठवायला हवं, अमेरिका कशी पाठवते. माझ्या आत्याने पुरणपोळी अर्धी टाकली. तिचा मुलगा न्यू जर्सीत आहे, २००९ मध्ये व्हिजिटर व्हिसावर गेला तो परत आलेला नाही. एका गुजराती माणसाच्या दुकानात काम करतो. आत्याचे यजमान गेले तेव्हाही येऊ शकत नाही म्हणून सांगितलं. तो येऊ शकत नाही कारण वर्षाहून जास्त काळ बेकायदा राहून अमेरिका सोडली की १० वर्षं परत पाय ठेवता येत नाही, १९९६ पासून तिथे तसा कायदा आहे.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना हातापायांत बेड्या घालून अमृतसरला उतरलं, त्यांतले ३ महाराष्ट्रातले होते. त्या दिवशी आमच्या घरात टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघितल्या गेल्या. काकांनी स्वतः आत्याला फोन करून धीर दिला होता: पोरगं कष्टाचं खातंय, कुणाचं काही चोरलं नाही.

चुलतभावाला मी फक्त एवढंच विचारलं की थोरल्याने कुणाचं काय चोरलं. "ते वेगळं," तो म्हणाला. आत्या काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून कारखान्यात आली की थोरल्याशी दोन शब्द बोलू लागली.

नोव्हेंबरमध्ये फिरलेलं पारडं

४ नोव्हेंबरपासून पश्चिम बंगालमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. फॉर्ममध्ये २००२ च्या यादीत स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव कुठे आहे ते दाखवायचं होतं. थोरला लगेच गावी गेला. धाकटा जाईना. दिवाळीचा माल निघाला होता, सुट्टी मिळत होती, बायको आणि लहान मुलगी नदियात होती, तरी जाईना. मी कारण विचारलं तेव्हा दाराला कडी लावून त्याने सांगितलं.

तो राणाघाटचा नव्हता. बांगलादेशातल्या सातखीऱ्याकडच्या एका गावातून २०१६ च्या पावसाळ्यात मामाबरोबर, दलालाला पैसे देऊन, रात्री आला. वय पंधरा-सोळा. गावात जमीन बळकावली, भावाला मारलं, एवढंच म्हणाला. पुढे नदियात मामाला बाप दाखवून कागद तयार झाले, त्यातच मतदार ओळखपत्र. २००२ च्या यादीत दाखवायला त्याच्याकडे कुणाचंच नाव नव्हतं.

थोरल्याला हे पहिल्यापासून माहीत होतं. काकांच्या चौकशीचे ते सगळे महिने तो त्याच खोलीत झोपत होता आणि एका शब्दाने बोलला नाही.

मी शिवाजीनगरच्या एका वकिलांकडे गेले, कारण माहीत असून बेकायदा राहणाऱ्याला ठेवून घेणं आमच्यावरही शेकू शकतं. त्यांनी प्रकरण सोलून समोर ठेवलं. नागरिकत्व सुधारणा कायद्याचा मार्ग बांगलादेश, पाकिस्तान, अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांना आहे, पण ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना. धाकटा २०१६ चा. केंद्राने १ सप्टेंबर २०२५ ला काढलेल्या आदेशाने याच समाजांतल्या, धार्मिक छळामुळे किंवा त्याच्या भीतीने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट दिली. ती त्याला मिळू शकते, मात्र तिने नागरिकत्व मिळत नाही. खोटा बाप लावून काढलेलं मतदार ओळखपत्र या सवलतीत बसत नाही, तो निराळा गुन्हा. आणि सगळ्यात अवघड गोष्ट त्याच्या मुलीची: आई भारतीय असली तरी जन्माच्या वेळी बाप बेकायदा स्थलांतरित असेल तर मुलीच्या नागरिकत्वावरच प्रश्न येतो. धाकट्याला हे बंगालीत समजावून सांगायला कुणी नव्हतं, मी मोडक्या हिंदीत सांगितलं. दीड वर्षाची पोर आहे ती.

मी काकांना सांगितलं. जो माणूस चार महिने बांगलादेशी शोधत होता त्याला तो सापडला होता, त्याच्याच बैठकीवर, त्याच्याच आरतीत. काका ताडकन म्हणाले, "पोलिसांत कुणी जायचं नाही. पोरगं जीव मुठीत धरून आलंय."

मला काकांची ही दया खोटी वाटली नाही. माणूस घाबरून पळून आला असेल तर त्याचं ऐकून घ्यावं, हे माझंही मत आहे. पण कुठली सीमा न ओलांडलेल्या माणसाच्या वाट्याला ती दया का आली नाही, असं मी विचारलं. काका म्हणाले, धाकटा मनाने आपला आहे. कायद्याने आपला असलेला थोरला तेव्हा खानाकुलला फॉर्म भरायच्या रांगेत उभा होता. आम्ही त्या रात्री बराच वेळ भांडलो, काकूंनी मध्ये पडून जेवायला वाढलं.

माझी भूमिका मी लिहून काकांना दिली, तोंडी बोललेलं त्यांना नंतर आठवत नाही म्हणून. धाकट्याचं गाऱ्हाणं खरं की खोटं हे ठरवायचा अधिकार मला नाही, काकांनाही नाही, पेठेतल्या पोरांना तर नाहीच. ज्या कार्यालयाचं ते काम आहे तिथे त्याने वकील घेऊन स्वतः जावं. खोटं ओळखपत्र त्याने परत करावं आणि यादीतलं नाव काढून घ्यावं. तोवर त्याच्या नावाने पगार निघणार नाही, कारण मी सह्या करते त्या कागदांवर खोटं नाव लिहिणार नाही. आणि पडताळणीचे अर्ज उरलेल्या सगळ्यांचे भरायचे, गाव आणि आडनाव न बघता.

काकांना पगाराचा मुद्दा निर्दयपणाचा वाटला. तो थोडा आहेच, मी तो बदललेला नाही. नव्या कायद्यात वैध कागदांशिवाय शिरण्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड, बनावट कागद वापरण्याला २ ते ७ वर्षं आहेत. अशा वेळी कारखान्याच्या वहीत एक खोटी ओळ म्हणजे भोरच्या पोऱ्यापासून मावशींपर्यंत सगळ्यांच्या पोटावर पाय.

धाकटा संक्रांतीच्या आधी नदियाला गेला, वकिलांनी तयार करून दिलेला अर्ज घेऊन. तिथल्या एका वकिलाकडे प्रकरण आता चालू आहे, निकाल लागलेला नाही. दोन्ही वकिलांची फी काकांनी स्वतःच्या खिशातून दिली आणि मला म्हणाले, कारखान्याच्या खर्चात दाखवू नकोस.

थोरला परत आला नाही. फॉर्म भरून झाल्यावर तो गावाकडूनच राजकोटला गेला, तिथे त्याच्या गावचे कारागीर आहेत. उरलेली मजुरी मी बँकेत भरली. दर तिकडे जास्त मिळतो, एवढंच कारण त्याने फोनवर सांगितलं. मोहनमाळेच्या तीन ऑर्डरी अडकल्या आहेत, पेढ्यांचे फोन येतात. काका मला म्हणाले, त्याला विचार, येतोस का म्हणून. मी म्हटलं, तुम्ही विचारा. आठवडाभराने त्यांनी विचारलं. थोरल्याने ग्रॅमला किती घेणार ते सांगितलं आणि माळ्याऐवजी भाड्याची वेगळी खोली मागितली. दर काकांना परवडण्यासारखा आहे. खोलीसाठी त्यांनी पेठेत दोन-तीन घरमालकांना विचारलं. नाव ऐकल्यावर कुणी तयार होईना. आता मुसलमान वस्तीच्या कोंढव्याला बघताहेत.